व्हॅलेटाला जहाज ८ ते ५, रविवार, चौघं जण : बसने माल्टा किती बघून होईल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : जहाज रविवारी सकाळी ८ ला माल्टाच्या व्हॅलेटा बंदरात लागतं आणि संध्याकाळी ५ ला सुटतं. तुम्ही दोघं, मुलगा आणि ६८ वर्षांच्या सासूबाई. त्यांचे गुडघे कुरकुरतात. जहाजाच्या सहली चौघांना महाग पडतात, म्हणून म्दिना हे जुनं गाव, ब्लू ग्रॉटोच्या समुद्री गुहा, मार्साश्लॉकचा मासळीबाजार आणि व्हॅलेटा शहर हे सगळं सार्वजनिक बसने करायचं आहे. जमेल का?

चारही जमणार नाहीत. दोन आरामात जमतील, आणि त्यातलं एक व्हॅलेटा असणार. का ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या पुढच्या बंदरांनाही हाच हिशेब लागू पडेल. जहाजावरून उतरणाऱ्या लोकांचे दिवस आखून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त वेळ लोकांच्या यादीतली ठिकाणं खोडण्यात जातो.

आधी तुमच्याकडचे ९ तास खरे किती आहेत ते बघू. जहाज ८ ला धक्क्याला लागलं म्हणजे ८ ला तुम्ही रस्त्यावर, असं नाही. बंदराची परवानगी मिळते, मग जहाजाच्या स्वतःच्या सहलींचे गट आधी सोडतात, आणि तुमच्यासारखे मोकळे प्रवासी त्यांच्या मागून. ८.४५ ला धक्क्याबाहेर पडलात तरी चांगलं म्हणा. दुसऱ्या टोकाला ५ ही जहाज सुटायची वेळ आहे, तुमची परतायची नाही. चढायची शेवटची वेळ बहुतेक जहाजांवर सुटण्याच्या अर्धा तास आधी असते, काहींवर तासभर आधी. आदल्या रात्री केबिनमध्ये जो दिवसाचा कार्यक्रम येतो त्यात ती छापलेली असते. त्या पानाचा फोटो काढून ठेवा, त्यावर बंदरातल्या एजंटाचा फोन नंबरही असतो. परत चढताना सामान तपासणीची रांग लागते ती वेगळी. म्हणजे ८.४५ ते ४, फार तर सव्वा सात तास.

शिवाय घड्याळाची भानगड आहे. तुमचं जहाज ग्रीसकडून येत असेल तर माल्टाची वेळ ग्रीसपेक्षा १ तास मागे आहे. कॅप्टन जहाजाची घड्याळं बदलेल किंवा बदलणारही नाही. पण तुमचा फोन किनाऱ्याचं नेटवर्क पकडताच आपणहून बदलणार. चौघांच्या हातात दोन वेगवेगळ्या वेळा, असा घोळ नेहमी होतो. एक साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून सासूबाईंच्या हातात बांधा आणि दिवसभर फक्त तेच माना.

आता बसबद्दल. माल्टाचं मुख्य बेट जेमतेम २७ किलोमीटर लांब आहे, त्यामुळे नकाशात सगळं हाताशी वाटतं. फसगत इथेच होते. बहुतेक बसमार्ग व्हॅलेटाच्या वेशीबाहेरच्या स्थानकातून निघतात आणि तिथेच परत येतात. ट्रायटन कारंज्याभोवती हे स्थानक आहे. एका गावातून शेजारच्या बाजूच्या गावात जायचं तर पुष्कळदा आधी व्हॅलेटाला परत यावं लागतं. म्हणजे नकाशावर दोन ठिकाणांत किती अंतर आहे ते बघण्यात अर्थ नाही, व्हॅलेटापासून प्रत्येक ठिकाण किती लांब आहे ते बघायचं. म्दिना साधारण अर्धा तास, मार्साश्लॉकही तेवढंच किंवा थोडं जास्त, ब्लू ग्रॉटोही त्याच पट्टीतलं. तिन्ही केली तर तीन वेळा जाणं, तीन वेळा येणं, आणि प्रत्येक वेळी थांब्यावर बसची वाट बघणं.

वाट बघण्याचा हा वेळ कुणीच धरत नाही. कागदावर मांडून बघा : ९.३० ची बस, १०.०५ ला मार्साश्लॉक, पाऊण तास बाजार, ११ ची बस, ११.३५ ला व्हॅलेटा, ११.४५ ला म्दिनाची बस, १२.२० ला म्दिना, सव्वा तास फिरणं, १.४० ची परतीची बस, सव्वादोनला व्हॅलेटा. बसतं की! फक्त यात प्रत्येक बस तुम्ही थांब्यावर पोचताक्षणी येते, तिच्यात चौघांना जागा असते, आणि वाटेत कुठेच गर्दीने अडकत नाही. चारपैकी एका फेरीला २० मिनिटं उशीर झाला की पुढचं सगळं ढकलत जातं, आणि ते जाऊन आदळतं शेवटच्या फेरीवर. ती चुकवून चालण्यासारखी नसते. एक ना धड भाराभर चिंध्या म्हणतात तसा दिवस होतो : तीन गावांची बस स्थानकं बघितली, गाव एकही नाही.

तुम्हाला कुणीतरी २०१ नंबरची बस सांगेल. विमानतळावरून निघून ब्लू ग्रॉटो, डिंगली करत रबातला, म्हणजे म्दिनाच्या दाराशी जाणारी ही आडवी जोडणी आहे. व्हॅलेटाला न परतता दोन ठिकाणं सांधते. ऐकायला सुरेख. पण ती तासाला साधारण एक असते, म्हणजे एक हुकली की तुमच्या सव्वा सातातला एक तास गेला. माल्टात मुक्काम असणाऱ्यांनी या बसने खुशाल फिरावं. जहाजवाल्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. शिवाय ब्लू ग्रॉटोच्या गुहांमध्ये नेणाऱ्या छोट्या होड्या समुद्र खवळला की बंद असतात. तिथे पोचल्यावर कळतं आणि परतीच्या बसची वाट बघत बसावं लागतं. हे ठिकाण आधी खोडा.

उरतात म्दिना आणि मार्साश्लॉक. रविवार असल्याने मार्साश्लॉकचा मोह पडणार हे मला माहीत आहे, कारण तिथला मोठा बाजार रविवारी सकाळीच भरतो. लाल-निळ्या-पिवळ्या रंगांच्या, पुढच्या टोकाला दोन डोळे रंगवलेल्या लुत्सू होड्या, ताजी मासळी, सगळं आहे. पण अख्खं बेट आणि बंदरातली बाकीची जहाजंही त्याच सकाळी तिकडे निघालेली असतात. ८१ आणि ८५ नंबरच्या बसमध्ये उभं राहून जायचं आणि उभं राहून यायचं, सासूबाईंसकट. त्यात बाजारात बसायला धड जागा नाही. मी तुमच्या जागी असतो तर म्दिना घेतलं असतं. मासळीबाजार बघण्याची हौस घरात सगळ्यांनाच असेल तर मार्साश्लॉक घ्या, म्दिना सोडा. दोन्ही घेऊ नका.

म्दिनाच्या बाजूने बोलायचं तर, हे तटबंदीतलं जुनं राजधानीचं गाव आत बऱ्यापैकी सपाट आहे. गल्ल्या अरुंद, त्यामुळे सावली भरपूर. राहती वस्ती ३०० च्या आत, गाड्यांना मोजका प्रवेश. १६९३ च्या भूकंपात इथलं जुनं कॅथेड्रल पडलं आणि लोरेंझो गाफा या माल्टाच्याच वास्तुविशारदाने आजचं बांधलं. ते १७०५ च्या सुमारास पुरं झालं. त्याच्या दर्शनी भागावर दोन घड्याळं आहेत : एक वेळ दाखवतं, दुसरं तारीख. जहाज गाठायचं असलेल्यांनी कुठल्या घड्याळाकडे बघतोय याची खात्री करावी! रविवारी सकाळी चर्चमध्ये प्रार्थना असते, तेव्हा आत फिरायला मिळेलच असं धरू नका. गावाच्या मागच्या टोकाला तटावरचा चौक आहे, तिथून अर्धं बेट दिसतं. वेशीबाहेर रस्ता ओलांडला की रबात गाव आणि तिथली संत पॉलची भुयारी दफनस्थळं. त्यांत खाली-वर पायऱ्या आहेत, सासूबाईंना बाहेरच्या बागेत बसवून तुम्ही तिघं जाऊन या.

धक्क्यावरून तिथवर कसं पोचायचं? जहाजं बहुधा व्हॅलेटा वॉटरफ्रंटला लागतात. शहर वर, कड्यावर आहे. पायऱ्या आणि चढ टाळायचा तर बाहेर पडून पाण्याच्या कडेने सरळ १०-१५ मिनिटं चालत जा, बराक्का लिफ्ट लागेल. २०१२ मध्ये सुरू झालेली ही लिफ्ट ५८ मीटर उंच आहे आणि थेट वरच्या बराक्का बागेत नेऊन सोडते. वर जायला साधारण १ युरो. रस्ता सपाट आहे, फुटपाथ मात्र जागोजागी चिंचोळा. धक्क्यावर टॅक्सीवाले आणि घोडागाडीवाले ‘लिफ्ट लांब आहे’ असं सांगतील. ऐकून सोडून द्या. बागेतून बस स्थानक आणखी ७-८ मिनिटांवर.

म्दिनाला ५१, ५२, ५३ यांपैकी कुठलीही बस चालते. स्थानकात फलाटांना अक्षर-आकडे आहेत, मोठ्या फलकावर तुमची बस कुठे लागणार ते दिसतं. तिकीट चालकाकडे. उन्हाळी हंगामात २.५० युरो, हिवाळ्यात २ युरो, आणि ते २ तास चालतं. तेवढ्या वेळात बस बदलली तर पुन्हा पैसे नाहीत. बँकेचं कार्ड टेकवूनही भाडं देता येतं. रोख देणार असाल तर सुटे ठेवा. ७ दिवसांचं पर्यटक कार्ड एका दिवसासाठी घेण्यात काही अर्थ नाही, धक्क्यावर कुणी विकायला आलं तरी. ताल्लिन्या नावाचं तिथल्या बस कंपनीचं अ‍ॅप आहे, त्यात बस आत्ता कुठे आहे ते कळतं. जहाजावरचं नाही तर घरचं इंटरनेट असतानाच ते आणि माल्टाचा ऑफलाइन नकाशा दोन्ही उतरवून घ्या. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने आहे, त्यामुळे कुठल्या बाजूच्या थांब्यावर उभं राहायचं यात गोंधळ होत नाही. आणि हात दाखवा. थांब्यावर नुसतं उभं राहिलं तर बस थांबेलच असं नाही.

जाताना तुम्ही पहिल्या थांब्यावरून चढता, म्हणून बसायला जागा मिळते. येताना उलटं. दुपारी साडेबारा-एकला म्दिनाच्या थांब्यावर काय होतं ते सांगतो. अ‍ॅप म्हणतं ६ मिनिटं. थांब्यावर तीसेक माणसं, सावली असून नसल्यासारखी. बस येते, काचेला चिकटून उभी असलेली माणसं बाहेरूनच दिसतात, चालक तळहात वर करून ‘भरली’ अशी खूण करतो आणि न थांबता निघून जातो. पुढची १५ मिनिटांनी, तिच्यात आठ जण चढतात, तुम्ही नववे. चालकाची चूक नसते, भरलेली बस थांबवता येत नाही. यावर उपाय दोन. डिंगलीकडून येणारी ५२ रबातमधून होऊन येते, तेव्हा चालत एखादा थांबा मागे रबातच्या बाजूला जाऊन चढा. किंवा सरळ टॅक्सी घ्या.

टॅक्सी म्हटलं की बसने फिरणाऱ्यांना हार मानल्यासारखं वाटतं. मला ते कळत नाही. चौघांचं बसभाडंच उन्हाळ्यात एका बाजूचं १० युरो होतं. माल्टात बोल्ट, उबर आणि ईकॅब्स ही अ‍ॅपं चालतात. म्दिनाहून व्हॅलेटापर्यंतचं भाडं गर्दीची वेळ सोडली तर चौघांच्या बसभाड्याच्या फार पुढे जात नाही. एकटा प्रवासी असता तर मी वेगळं सांगितलं असतं. चौघांना, त्यात गुडघेदुखी असताना, जाताना बस आणि येताना गरज पडली तर टॅक्सी, हाच शहाणपणाचा सौदा आहे. किमान एका फोनमध्ये अ‍ॅप आणि तिथे चालणारं डेटा कार्ड हवं, एवढंच. म्दिनात १२ वाजले की थांब्याकडे निघा, १२.३० पर्यंत बसमध्ये पाय ठेवला नसेल तर टॅक्सी बोलवा. ही वेळ आदल्या रात्रीच ठरवा. थांब्यावर उभं राहून ठरवायला गेलात की ‘अजून एक बस बघू’ सुरू होतं आणि संपत नाही.

मी दिवस आखतो तो नेहमी शेवटून. ४ ला जहाजात, म्हणून ३.३० ला बराक्का बागेत, म्हणून शेवटचा चाकावरचा प्रवास १.३० च्या आत संपलेला. त्यानंतर तुमच्या आणि जहाजाच्या मध्ये फक्त पायवाट आणि एक लिफ्ट उरली पाहिजे, आणि लिफ्ट बंद पडली तरी उतारावरून चालत किंवा टॅक्सीने पोचता येईल इतकं अंतर. लांबचं आधी, जवळचं नंतर. लोक बरोबर उलटं करतात : सकाळी उतरल्याउतरल्या समोरचं शहर बघत बसतात आणि दुपारी ‘वेळ आहे तर जाऊन येऊ’ म्हणत बेटाच्या दुसऱ्या टोकाला निघतात.

१.३० ते ३.३० व्हॅलेटा. १५६५ चा तुर्कांचा वेढा परतवल्यावर दुसऱ्याच वर्षी या शहराचा पाया घातला गेला, आणि ते कड्याच्या पाठीवर आखलेलं आहे. म्हणून मधला रिपब्लिक स्ट्रीट चालायला सोपा आणि दोन्ही बाजूंच्या गल्ल्या पायऱ्या-पायऱ्यांनी समुद्राकडे उतरणाऱ्या. सासूबाईंना घेऊन मधल्या रस्त्यानेच जा. एक गोष्ट वाईट वाटेल : रविवारी संत जॉनचं को-कॅथेड्रल पर्यटकांना बंद असतं. कॅराव्हॅज्जिओचं ‘संत जॉनचा शिरच्छेद’ हे १६०८ चं चित्र तिथे आहे, त्याने सही केलेलं ते एकमेव चित्र. ते बघायचंच असेल तर तुम्हाला रविवार सोडून दुसऱ्या वारी येणारं जहाज बघावं लागेल. याचा फायदा एवढाच की त्या रांगेत जाणारा वेळ तुमच्याकडे उरतो. वेशीतून आत येताना डाव्या-उजव्या बाजूला बघा, वेस आणि नवं संसद भवन रेन्झो पियानो या इटालियन वास्तुविशारदाने आखलेलं आहे. आवडेल किंवा मुळीच आवडणार नाही.

बराक्का बागेत लवकर पोचलात तर तिथेच बसा. कठड्यावरून खाली सगळं ग्रँड हार्बर आणि समोर, पाण्यापलीकडे, ‘तीन शहरं’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जुन्या वस्त्यांचे किल्ले दिसतात. खालच्या तोफखान्यात दुपारी १२ ला आणि ४ ला तोफ उडवायची प्रथा आहे. ४ च्या तोफेला थांबू नका, तिचा आवाज जहाजाच्या डेकवरूनही येतो.

गोझो या शेजारच्या बेटाचं नाव काढू नका. व्हॅलेटाहून चिरकेव्वाच्या धक्क्यापर्यंतच बसला सव्वा तास किंवा जास्त, मग २५ मिनिटांची फेरी. व्हॅलेटाहून थेट जलद फेरी आहे खरी, पण वारा सुटला की रद्द होते, आणि परतीची रद्द झाली तर काय याला उत्तर नाही. हाल सफ्लिएनी भुयारी मंदिरात तासाला फक्त १० माणसं सोडतात. कित्येक आठवडे आधी आरक्षण केलं नसेल तर तोही विषय संपला.

कागदपत्रांचं : माल्टा शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागेल, आणि जहाज मध्ये ट्यूनिससारख्या शेंगेनबाहेरच्या बंदराला जात असेल तर एकाहून अधिक प्रवेशांचा. पासपोर्ट जहाजाने ठेवून घेतला असेल तर त्याची आणि व्हिसाच्या पानाची छापील प्रत प्रत्येकाच्या खिशात असू द्या. जहाज फक्त स्वतःच्या सहलीच्या बससाठी थांबतं, तुमच्यासाठी थांबणार नाही. चुकलंच तर धक्क्यावर जाऊन हात हलवण्यात वेळ घालवू नका, लगेच एजंटला फोन करा. जहाजावर पासपोर्ट राहिला असेल तर तो बहुधा एजंटकडे सोपवून जातात. पुढचं बंदर गाठायचा खर्च तुमचा. पुढचं बंदर सिसिलीत असेल तर नशीब म्हणा, कारण व्हॅलेटाहून पोझ्झालोला जाणारी वेगवान बोट आहे, पावणेदोन तासांची. नाहीतर विमान.

तुम्ही शेवटी ग्रीसच्या सँटोरिनी बेटाबद्दलही एका ओळीत विचारलंय. तिथला हिशेब अगदी वेगळा आहे. समुद्र इतका खोल की जहाज धक्क्याला लागत नाही, छोट्या बोटींनी जुन्या बंदरात उतरवतात आणि तिथून वर कड्यावरच्या ‘फिरा’ या गावाला जायला केबल कार, किंवा ५०० हून जास्त पायऱ्या. फिराहून ओइया गावाची बस अर्ध्या तासाच्या आत पोचवते, ती अडचण नाहीच. अडचण केबल कारची परतीची रांग. तीन-चार जहाजं एकदम आली असली तर दुपारी ती रांग तासाभराचीही होते, म्हणून तिथे बसचं वेळापत्रक बघण्याआधी त्या दिवशी बंदरात किती जहाजं आहेत ते बघा. पायऱ्या उतरून जाऊ हा पर्याय सासूबाई बरोबर असताना धरूच नका.

परत माल्टा. जहाज उशिरा लागलं तर काय, हेही आत्ताच ठरवून टाका. १० च्या आत रस्त्यावर आलात तर वरचाच बेत, म्दिनातला अर्धा तास कमी करून. १० नंतर आलात तर म्दिना रद्द, बस स्थानकाकडे जाऊच नका. बराक्का लिफ्टच्या खालीच समोरच्या तीन शहरांना जाणाऱ्या फेरीचा धक्का आहे. काही मिनिटांत पाणी ओलांडून पलीकडे पोचाल, तिथून बिर्गू गावात पाण्याच्या कडेकडेने सपाट रस्त्याने तासभर फिरा, फेरीनेच परत या आणि मग लिफ्टने वर व्हॅलेटा. सगळा वेळ तुमचं जहाज नजरेच्या टप्प्यात राहतं. वाऱ्याने फेरी बंद असेल तर ट्रायटन कारंज्याजवळच्या स्थानकातून २ नंबरची बस बिर्गूला जाते.